दुसरा पिन

बुधवारी वाचनालय दोनला उघडतं.
एन्देल पावणेदोनलाच पायरीवर,
बुटांचा बर्फ झाडत,
बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा.
ही माझी फी.
पहिल्या दोन खेपांना नको म्हणून पाहिलं.

हीउमा बेटावर हिवाळ्यात आम्ही उरतो मोजके.
आधी बँकेची शाखा गेली, मग टपालाची खिडकी,
औषधाची चिठ्ठीसुद्धा आता कागदावर येत नाही.
सगळा कारभार पडद्याआड गेलाय
आणि पडदा आहे काचेचा.

त्याचं बोट काचेला दिसतच नाही.
मी आधी फोनला दोष दिला,
मग त्याचा हात उलटा करून पाहिला.
पन्नास वर्षं जाळी ओढून कातडीची झालेली साल,
खारी, कोरडी, रेषा पुसलेली.
काच म्हणते, इथे कुणी नाही.
तो अंगठा जिभेला लावतो, पान उलटावं तसा,
आणि दाबतो, खिळा ठोकावा तसा.
"हळू, एन्देल. तिला नुसतं कळवायचंय की तुम्ही आलात."
"इतका हळू मी कुणाच्याच दारात गेलो नाही कधी."

नुसतं टेकवणं आणि दाबून धरणं,
यातला फरक तीन बुधवार डोक्यात शिरेना.
चौथ्याला मीच वैतागून टेबलावर बोट वाजवलं:
हे आखूड. हे लांब. कळलं?
तो थबकला. मान तिरकी केली.
मग त्याच टेबलावर त्यानं उत्तर दिलं,
आखूड, लांब, आखूड, आखूड,
इतकं भराभर की बोट दिसेना.
बारा वर्षं ट्रॉलरवर बिनतारी यंत्रापाशी बसला होता माणूस,
मला कुठे ठाऊक.
"काय म्हणालात?"
"म्हटलं, हे आधी सांगायचंस की, पोरी."

त्यानंतर त्याला शिकवावं असं फार उरलं नाही.
वारा कुठून वाहील ते बघतो (आणि हसतो),
फेरीचं तिकीट काढतो,
रक्तदाबाच्या गोळ्या मागवतो.
ओळखपत्र यंत्रात सरकवतो,
पहिला पिन न बघता टाकतो, चार आकडे:
मी तोच आहे.

अडतो तो दुसऱ्यापाशी.
दुसरा पाच आकडी आहे: मला मान्य आहे.
"चश्मा राहिला घरी."
"आकडा आठवत नाही."
"ही तुमची वीज आज जाणार बहुतेक."
समोर उघडा असतो हेल्मीच्या विक्रीचा करार.
हेल्मी त्याची होडी. घेणारा टालिनचा, खानावळवाला,
तिला अंगणात ठेवून तिच्यात फुलं लावणार आहे.
महिनाअखेर करार रद्द होतो.
ते मी त्याला वाचून दाखवलंय, दोनदा.
त्यानं ऐकलंयही.

आज मी चहा आणायला मागे गेले.
परतताना नकाशांच्या कपाटापाशी थांबले, उगाच.
त्यानं पाच आकडे टाकले, एका दमात,
चष्म्याशिवाय.
काचेनं सगळे घेतले.
मग पुसले, एकेक,
हलकेच,
मी शिकवलं होतं त्याहूनही हलकेच.

कप ठेवताना मी विचारलं,
"आठवला का?"
"छे."
"असू दे. पुढच्या बुधवारी पहिल्यापासून गिरवू."
त्यानं साखर घातली, ढवळली,
चमचा कपाच्या काठावर वाजवला,
आखूड, आखूड, लांब की काय ते.
मी अर्थ विचारला नाही.

घरी उभ्यानंच मासा राईच्या पावाबरोबर खाल्ला.
फोन वाजला, खानावळवाल्याचा,
वाचनालयाचा नंबर त्याला कुणी दिला कोण जाणे.
मी घ्यायला गेले.
माझ्या तेलकट बोटाला काच म्हणाली,
इथे कुणी नाही.
मीही हात धुवायची घाई केली नाही.